जुनी मोटर घ्या, पण व्यापाऱ्याच्या पैशाने नको

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरून एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला पैशांचा भाग थोडक्यात असा:

"वय ३६. स्वतःची २१ फुटी फायबरची होडी आहे. मी आणि चुलतभाऊ दोघे जाऊन कांडाळी टाकतो. बांगडा, सौंदाळे, नशीब असलं तर सुरमई, सरंगा. माझी ८ हॉर्सपॉवरची आऊटबोर्ड मोटर फेब्रुवारीत बसली. मेकॅनिक दुरुस्तीचे ४०,००० सांगतो, पण खात्री देत नाही. तेव्हापासून दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो, महिन्याला १३,००० सुटतात. शेजारच्या गावात एकजण ९.९ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर विकतोय. सहा वर्षं वापरलेली, १,१०,००० मागतो आणि १५ मेच्या आत निर्णय हवा म्हणतो. नवीन फोर-स्ट्रोकचा भाव मला २,६०,००० सांगितला. बँकेत ७०,००० आहेत. बायकोच्या बचत गटातून ३०,००० मिळतील, महिना दोन टक्क्याने. तिच्या पाटल्या आहेत, पण त्यांना हात लावायचा नाही असं मी ठरवलंय. आमचा नेहमीचा व्यापारी ६०,००० बिनव्याजी द्यायला तयार आहे. अट एवढीच की सगळी मासळी त्यालाच घालायची आणि शेकड्याला आठ रुपये तो जास्त कापणार. मुलगी दहावीला आहे. काय करू?"

सोबत तुम्ही दोन वर्षांच्या वहीतली पानं फोटो काढून पाठवलीत, त्याबद्दल आधी आभार मानते. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत 'उत्पन्न साधारण बरं आहे' यापलीकडे सहसा काही नसतं. तुमच्या वहीत मात्र ज्या दिवशी जाळं रिकामं आलं तो दिवससुद्धा लिहिलेला आहे.

उत्तर आधी सांगते. जुनी मोटर घ्या. १,१०,०००ला नको, मोटरीचं मूळ बिल मिळालं नाही तर ९०,०००च्या वर जाऊ नका. आणि ते बिनव्याजी ६०,००० मात्र घेऊ नका. तुमच्या चार पानांतला सगळ्यात महाग पैसा तोच आहे.

तो महाग कसा, ते पाहू. वहीप्रमाणे ऑगस्टच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत तुम्ही महिन्याला सरासरी १६ दिवस गेलात. वर्षाचे धरू १५० दिवस. दिवसाची विक्री कधी ६००, कधी ११,०००. सरासरी ३,५०० पडते. म्हणजे वर्षाला ५,२५,००० रुपयांची मासळी. त्याचे शेकडा आठ झाले ४२,०००. साठ हजारांवर वर्षाला बेचाळीस हजार! व्याज म्हणून लावायचं झालं तर हा दर ७० टक्के होतो. पठाणी म्हणून ज्यांना नावं ठेवतो त्यांनाही हा दर मागताना जीभ अडखळेल. शिवाय हे ४२,००० भरून मुद्दल एका रुपयानेही कमी होत नाही. ६०,००० तसेच उभे. पुढच्या वर्षी पुन्हा ४२,०००.

मी व्यापाऱ्याला वाईट म्हणत नाही. तोही जोखीम घेतो, रात्री-अपरात्री गाडी पाठवतो, आजारपणात पैसे देतो. किनाऱ्यावर उचल देण्या-घेण्याची रीत जुनी आहे आणि बँकेने पाठ फिरवली तेव्हा याच रीतीने होड्या पाण्यात राहिल्या. पण 'बिनव्याजी' हा शब्द त्यातून काढून टाका.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुमच्याकडे वाटे तीन पडतात: एक होडी-मोटरीचा, एक तुमचा, एक चुलतभावाचा. कापलेले आठ टक्के एकूण विक्रीतून जाणार, म्हणजे ४२,०००पैकी १४,००० चुलतभावाच्या वाट्यातून जातील. उचल तुमची, मोटर तुमची, आणि तिसरा हिस्सा तो भरणार. त्याला हे सांगितलंय का? नसेल तर मोटर येण्याआधी सांगा; नाहीतर दिवाळीपर्यंत तो स्वतःच हिशेब काढील.

आता मूळ प्रश्न: स्वतःची मोटर घेणं परवडतं का? याचं उत्तर मी 'हो' असं गृहीत धरलं नव्हतं. खलाशी म्हणून जाण्यात डोक्याला ताप नाही, मोटर बिघडली तर मालक बघेल. त्या कामाचे नऊ महिन्यांचे १,१७,००० होतात. स्वतःच्या होडीचं गणित असं बसतं. किनाऱ्यापासून जाऊन-येऊन आणि जाळी टाकता-काढताना मिळून दिवसाला ९ लिटर पेट्रोल जाईल असं तुम्ही लिहिलंय. ९.९ची टू-स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला चार-साडेचार लिटर पिते, त्या हिशेबाने तुमचा आकडा बरोबर वाटतो. लिटरला १०५ धरले तर ९४५ रुपये. ५० लिटरला एक लिटर या प्रमाणात टू-स्ट्रोक ऑइल, त्याचे ७०. बर्फ, चहा-न्याहारी मिळून १८५. म्हणजे दिवसाचा खर्च १,२००, उरले २,३००, वाटा पडला ७६६. होडीचा आणि तुमचा असे दोन वाटे १५० दिवसांचे धरले तर साधारण २,३०,०००. त्यातून जाळ्यांचे ३५,००० आणि मोटरीच्या किरकोळ दुरुस्तीचे १५,००० वजा करा. उरतात १,८०,०००. खलाशीपेक्षा वर्षाला ६३,००० जास्त.

मोटर ९०,०००ची आणि घेतल्याबरोबर तिच्यावर करायचं काम १५,०००चं, असे १,०५,००० धरले तर दोन हंगाम पुरे व्हायच्या आत पैसे सुटतात. हे चांगलं गणित आहे. पण व्यापाऱ्याचे आठ टक्के त्यात घातले की तुमच्या दोन वाट्यांतून २८,००० जातात आणि ६३,०००चे ३५,००० उरतात. मग दोनाचे तीन हंगाम होतात, आणि त्या तिन्ही हंगामांत मासळी कुठे घालायची हे तुम्ही ठरवणार नाही.

नवीन फोर-स्ट्रोकबद्दल तुम्ही फक्त किंमत लिहून विषय सोडून दिलात. तो एवढा सोपा नाही. फोर-स्ट्रोक तेवढ्याच अंतराला साधारण पाव हिश्शाहून थोडं जास्त पेट्रोल वाचवते, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही. तुमच्या ९ लिटरच्या जागी साडेसहा धरले तर दिवसाला ३३० रुपये वाचतात, १५० दिवसांत जवळपास ५०,०००. मी दोन्ही बाजूंची तीन वर्षांची बेरीज केली. जुन्या मोटरीची किंमत, दुरुस्ती आणि पेट्रोल मिळून सव्वासहा लाखांच्या थोडं अलीकडे. नवीन घेताना पदरचे ५०,००० घातले, बाकी २,१०,००० तीन वर्षांच्या कर्जाने ११ टक्क्यांनी घेतले, तरी हप्ते, सर्व्हिसिंग आणि पेट्रोल मिळून सव्वासहा लाखांच्या थोडं पलीकडे. फरक १५-२० हजारांचा. आणि तीन वर्षांनी नवीन मोटर चांगल्या किमतीला विकली जाईल, तर जुनी तेव्हा नऊ वर्षांची झालेली असेल. म्हणजे कागदावर नवीन जिंकते. हा आकडा बघून मी हिशेब दुसऱ्यांदा केला, तरी तेच आलं.

तरीही तुम्हाला आज जुनीच घ्या म्हणते, याचं कारण हप्ता. त्या कर्जाचा हप्ता महिन्याला ६,८७५ रुपये येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, विक्री शून्य, पण हप्ता चालू. आणि १५० दिवस मिळाले तर हे गणित. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्यार आणि महा ही दोन वादळं पाठोपाठ आली आणि ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला बांधून राहिल्या, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय. दिवस ९०वर आले तर पेट्रोलची बचत ५०,०००वरून ३०,०००वर येते, पण वर्षाचे हप्ते ८२,५०० ते ८२,५००च. ज्या घरात शिल्लक ७०,००० आहे आणि मुलगी दहावीला आहे, त्या घरात एवढी ठरलेली देणी मी आणू देणार नाही. दोन हंगामांनंतर आणेन, त्याबद्दल पुढे लिहिते.

दुरुस्तीच्या ४०,०००चा विचार सोडा. खात्री नसलेल्या दुरुस्तीवर चाळीस हजार म्हणजे आपल्याच जुन्या मोटरीशी जुगार. सुट्या भागांसाठी मेकॅनिकच जुनी मोटर घेईल. दहा हजार आले तरी द्या.

आता ९०,००० हा आकडा कुठून काढला ते सांगते. मोटरीतलं तंत्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण प्रत्येक दोषाची रुपयांत किंमत असते आणि ती सौदा व्हायच्या आधी बोलायची असते, हे मात्र मी माझ्या मामांकडून शिकले. हर्णैला मामांची होडी होती. त्यांनी पावसाच्या तोंडावर एक जुनी मोटर घेतली, नवा कोरा रंग दिलेली. विकणाऱ्याने अंगणात पिंपात घालून चालू करून दाखवली, एका दोरीत सुरू झाली, मामा खूश. नारळी पौर्णिमेनंतर आठ दिवस चालली आणि गिअरमधून आवाज यायला लागला. खालचं गिअर ऑइल काढलं तर चहात दूध घातल्यासारखं. सील गेलेलं होतं आणि खारं पाणी कधीपासून आत मुरत होतं. रंगाखाली ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरलेली. त्या वर्षी गणपतीत मामांकडे आरतीला टाळ होते, मोटर नव्हती.

म्हणून पिंपातली चाचणी मानू नका. ज्या दिवशी बघायला जाल त्या दिवशी आधी चालू करून ठेवू नका असं त्याला सांगा आणि गेल्यावर पहिल्यांदा मोटरीला हात लावून बघा. गरम असेल तर थंड मोटर सुरू व्हायला त्रास देते असं समजा. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू ढिला करून चार थेंब बोटावर घ्या. तेल दुधाळ असेल तर सील आणि कदाचित गिअरही, म्हणजे किंमत तिथेच पंधरा हजारांनी खाली. मेकॅनिकला कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं, मीटर घेऊन सोबत न्या. दोन सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर भाव करायच्या भानगडीतच पडू नका, नमस्कार करून परत या. दोन्ही आकडे सारखे पण दोन्ही कमी असतील तरीही तेच. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार सतत यायला हवी. धार तुटक असेल तर कदाचित पंपाचा इंपेलर झिजलाय, तो स्वस्तात बदलतो. पण ती मोटर अशाच तुटक धारेवर किती दिवस चालवली हे कोण सांगणार? वरच्या हेडजवळचा रंग करपलेला, फुगलेला दिसला तर ती कधीतरी तापून गेलेली आहे. होडीला अडकवायचे दोन्ही स्क्रू आणि वर उचलायचा सांधा मोकळा फिरतो का बघा. मिठाने धरलेला सांधा ही मोटर गोड्या पाण्याने धुतली जात नव्हती याची खूण असते.

शाफ्टची लांबी मोजून घ्या. १५ इंची आणि २० इंची अशा दोन प्रकारच्या येतात. तुमच्या जुन्या मोटरीची लांबी वेगळी असली तर होडीची पाठ बदलावी लागेल. शिवाय लांब शाफ्ट ओहोटीला खाडीच्या मुखातल्या वाळूत घासेल. हा खर्च कुणी धरत नाही.

मग खाडीत चाचणी. होडी तुमची, त्यात तुम्ही दोघे, ओली जाळी, बर्फाची पेटी, अगदी नेहमीसारखं वजन. पाऊण तास चालवा, त्यातली दहा मिनिटं पूर्ण वेगात. बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा दोरी ओढा. तापलेली मोटर दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू झाली पाहिजे. नऊ लिटरचा आकडाही त्याच दिवशी पडताळा: टाकी भरून निघा, परत आल्यावर किती लागलं ते मोजा. त्यावरून दिवसाचं पेट्रोल काढा. ते अकरा लिटर निघालं तर वर्षाला ३१,०००हून जास्तीचा खर्च आहे आणि वरचा सगळा हिशेब मोडतो.

हे सगळं पार पडलं तरी इंपेलर, प्लग, गिअर ऑइल, सील, ॲनोड, कार्बोरेटरची सफाई आणि मेकॅनिकची मजुरी यांसाठी १५,००० बाजूला लागतीलच. सहा वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेल्या मोटरीला ते लागतातच, विकणारा काहीही म्हणो. म्हणून मी १,१०,०००मधून ते सरळ वजा केले. उरलेल्या ९५,०००मधून आणखी ५,००० कागदांचे. तुम्ही लिहिलंय की मूळ बिल 'शोधावं लागेल'. ते सापडलं तर ९५,००० द्या, नाही सापडलं तर ९०,०००. नंबरची पट्टी खरवडलेली किंवा गायब असेल तर पंचवीस हजारांतही घेऊ नका. मोटरी चोरीला जातात, आणि चोरीची मोटर तुमच्या होडीवर सापडली तर भाव किती पाडला होता हे पोलीस विचारणार नाहीत.

१५ मेची मुदत त्याची आहे, तुमची नाही. त्याला मोठी मोटर घ्यायची आहे असं तुम्हीच लिहिलंत. जूनमध्ये शाळेचा खर्च, दोन महिने धंदा बंद, त्याला पैसा हवा असणार. गिऱ्हाईक मेअखेरीला कमी असतं आणि नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांना मोटर हवी असते. तेव्हा चाचणी मेमध्ये समुद्र शांत असताना उरका, पाच हजार इसार द्या, बाकीचे मेअखेरीला. काहीजण म्हणतील की बंदीच्या तोंडावर घेऊन दोन महिने पैसा कशाला अडकवायचा. मला उलट वाटतं. त्या दोन महिन्यांत मोटर कुणाच्या पडवीत कशी पडून राहते यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं. गोड्या पाण्याने धुऊन, कार्बोरेटर रिकामा करून, सिलिंडरमध्ये तेल सोडून उभी ठेवलेली मोटर तुमच्याकडे असू दे. त्याला ती विकायचीच आहे, तो कशाला एवढं करील? मेकॅनिकलाही जून-जुलैत वेळ असतो, ऑगस्टमध्ये तो फोन उचलत नाही.

व्यवहार स्टॅम्प पेपरवर करा. त्यात मोटरीचा नंबर लिहा, आधारची प्रत जोडा आणि पैसे बँकेतून द्या. मग मच्छीमार सोसायटीतून आणि परवाना अधिकाऱ्यांकडून होडीच्या कागदावर नवी मोटर आणि तिची हॉर्सपॉवर चढवून घ्या. कागदावर ८ची आणि पाण्यात ९.९ची असेल तर नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात ते पहिल्यांदा दिसतं. अनुदानाचं विचारलंत. अनुदानाचा रस्ता नव्या मोटरीसाठी आहे, जुन्या व्यवहाराला त्यात जागा नाही. नवीन घ्याल तेव्हा आधी अर्ज आणि मंजुरी, मग खरेदी, हा क्रम पाळा. आणि ते पैसे येतील त्या दिवशी आले असं माना, त्यांच्या भरवशावर हप्ता बांधू नका. डिझेलवरचा परतावा मोठ्या बोटवाल्यांना मिळतो, तो तुमच्या पेट्रोलला धरू नका.

आता पैसा कुठून आणायचा? ७०,०००पैकी ४०,०००च वापरा. ३०,००० तसेच राहू द्या: जून-जुलैत घर चालवायला वहिनींच्या सुक्या मासळीच्या विक्रीत १४,००० कमी पडतात असं तुमच्याच आकड्यांवरून दिसतं, आणि त्याच दिवसांत मुलीचा अकरावीचा प्रवेश आहे, मागोमाग गणपती. जुन्या मोटरीचे १०,०००. राहिले ५५,०००.

बचत गटाचे महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस. व्यापाऱ्यापेक्षा ते पुष्कळ बरं, आणि ते व्याज गटातच राहतं. तरी ५५,००० त्यातून येत नाहीत. म्हणून तुम्ही ज्याला हात लावायचा नाही म्हणता तिथेच मी बोट ठेवणार आहे. राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत सोनं तारण ठेवून ५५,००० घेतले, दर १० टक्के धरला आणि वर्षभर एक पैसाही परत केला नाही, तरी व्याज ५,५०० होतं. व्यापाऱ्याचे ६०,०००वर ४२,०००. दोन्ही आकडे एका कागदावर लिहून वहिनींसमोर ठेवा. पाटल्या त्यांच्या आहेत. 'हात लावायचा नाही' हे तुम्ही ठरवलंत, त्यांना विचारलंत असं पत्रात कुठे दिसलं नाही. त्या नाही म्हणाल्या तर तो शब्द शेवटचा. मग गटाचे ३०,००० घ्या, राहिलेल्या २५,०००साठी पतसंस्थेत विचारा, आणि तेही जमलं नाही तर एक हंगाम अजून खलाशी म्हणून काढा. ते मला व्यापाऱ्याच्या उचलीपेक्षा बरं वाटतं. आणि तारण बँकेतच ठेवा, सोनाराकडे किंवा खासगी सावकाराकडे नको.

फेडायची रीत वाट्यातच आहे. होडी-मोटरीचा वाटा दिवसाला ७६६, वर्षाला १,१५,०००. तो आजवर तुमच्या खिशात जात होता आणि घरखर्चात विरत होता, म्हणूनच मोटर बसली तेव्हा हाताशी काही नव्हतं. त्याचं वेगळं खातं उघडा, पोस्टात चालेल. आठवड्याला विक्रीचे पैसे आले की आधी तो वाटा तिकडे. जाळी आणि दुरुस्ती जाऊन त्यात वर्षाला ६५,००० उरायला हवेत. पहिल्या हंगामात त्यातून पाटल्या सोडवा. दुसऱ्या हंगामाचे ६५,००० आणि तेव्हा ही मोटर विकून ५०,००० आले, तर सव्वा लाखाच्या आसपास स्वतःचे घेऊन नवीन फोर-स्ट्रोक घ्यायला जा. तेव्हा हप्ता आजच्यापेक्षा बराच कमी असेल, मुलगी बारावीच्या पलीकडे गेलेली असेल आणि मी अडवणार नाही.

व्यापारी पुन्हा आत येतो तो पेट्रोलच्या उधारीतून. चार दिवस जाळं रिकामं आलं की कॅन भरायला पैसे नसतात. त्यासाठी पावसाळ्यातच किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज टाका. २०१८-१९च्या अर्थसंकल्पापासून ते मच्छीमारांनाही खुलं झालेलं आहे. ते इंधन, बर्फ, मजुरी अशा चालू खर्चासाठीच असतं, मोटर घ्यायला नव्हे. व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर ४. बँकेतले साहेब 'हे शेतकऱ्यांसाठी आहे' म्हणतील. सोसायटीचं पत्र आणि होडीचा परवाना पुढे करा, एका खेपेत होणार नाही हे धरून चला. अपघात विमाही सोसायटीत विचारून घ्या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या गट विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पाच लाख मिळतात. तुमचं आणि चुलतभावाचं, दोघांचंही नाव यादीत आहे का, ते डोळ्यांनी बघा.

पत्राच्या शेवटी समासात तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेलं तर मोटरीचे पैसे लवकर सुटतील. मासेमारीच्या परवान्यावर ते करता येत नाही. प्रवासी नेण्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी, होडीची तपासणी, माणसागणिक जीवरक्षक जॅकेट हे सगळं लागतं, आणि काही झालं तर मासेमारीच्या होडीचा कुठलाही विमा तुमच्या मागे उभा राहणार नाही. तो धंदा करायचाच असेल तर तो वेगळा हिशेब आहे, वेगळं पत्र लिहा.

चाचणी कधी ठरते ते कळवा. गिअर ऑइल कसं निघालं ते आणि दोन्ही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे पाठवा, मग भावाचं पुन्हा बोलू. आणि त्या दिवशी चुलतभावाला सोबत न्याच, होडीत वजन दोघांचं हवंय.